जुळ्यांचं स्कॅनिंग : बाराव्या आठवड्यातली ती एक ओळ

जुळं आहे म्हटल्यावर खोलीतल्या सगळ्यांची नजर पडद्यावरच्या दोन बाळांवर खिळते. प्रोब, म्हणजे मशीनचा पोटावर फिरवायचा भाग, ज्याच्या हातात आहे त्याने मात्र त्याच मिनिटाला बाळांवरून नजर काढून वारेकडे (प्लासेंटाकडे) वळवायची असते. वार एक की दोन? या बाईला पुढचे सहा महिने महिन्यातून एकदा बोलवायचं की दर पंधरवड्याला, कोणत्या धोक्यावर डोळा ठेवायचा, बाळंतपण कितव्या आठवड्यात करायचं, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. आणि ते उत्तर स्वच्छ दिसण्याची मुदत अगदी थोडी असते : ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत.

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ही मुदत पाळणं जास्तच गरजेचं, कारण इथली गरोदर बाई एका जागी थांबत नाही. सासर खानापुरात, माहेर चंदगडला. घर अथणीला, दाखवायचं मिरजेला. पहिलं स्कॅनिंग बेळगावात आणि सातव्या महिन्यानंतरची सगळी गडहिंग्लज नाहीतर कोल्हापुरात. इकडे कर्नाटकात आईचं ‘तायी’ कार्ड, तिकडे महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्ड. राज्याची हद्द ओलांडली की तिच्या पिशवीत जेवढे कागद आहेत तेवढंच पुढच्या डॉक्टरांना कळतं. ‘जुळी, दोन्ही जिवंत’ एवढ्याच ओळीचा रिपोर्ट घेऊन २४व्या आठवड्यात कुणी आली, तर वार एक की दोन हे तेव्हा खात्रीने सांगता येईलच असं नाही. म्हणून सहाव्या किंवा सातव्या आठवड्यात ठोके बघताना जुळं दिसलं की आम्ही बाराव्या आठवड्याची तारीख तिथेच लिहून देतो आणि आशाताईंनाही सांगून ठेवतो.

त्या सुरुवातीच्या स्कॅनमध्ये एक चूक नेहमी होते. एका पिशवीत दोन बाळं दिसतात, त्यांना वेगळं ठेवणारा मधला पडदा दिसत नाही, आणि लगेच ‘पडदा नाही’ असं लिहिलं जातं. आतला पडदा इतका पातळ असतो की आठव्या-नवव्या आठवड्याआधी तो बहुतेक वेळा दिसतच नाही. तिथे ‘पडदा पुन्हा तपासावा’ एवढंच लिहायचं. नाहीतर पडदा नसलेल्या जुळ्यांत नाळा गुंततात म्हणून घरातले उगाच महिनाभर धास्ती घेऊन बसतात.

बाराव्या आठवड्यात आधी दोन्ही बाळांची सीआरएल, म्हणजे डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजायची. ती ४५ ते ८४ मिलिमीटरमध्ये असावी. नैसर्गिक गर्भधारणा असेल तर दिवस मोठ्या बाळावरून धरायचे. लहान बाळावरून धरले तर आधीच मागे पडू लागलेलं बाळ आपण कागदावर ‘बरोबर’ करून टाकतो, आणि पुढची सगळी वाढ चुकीच्या तारखेवर मोजली जाते. टेस्ट ट्यूब बेबी असेल तर गर्भ पिशवीत सोडल्याच्या तारखेवरून हिशोब करायचा. दोन सीआरएलमध्ये १० टक्के किंवा जास्त फरक असला, किंवा मानेमागच्या पाण्याच्या मापात, ज्याला एनटी म्हणतात, २० टक्के किंवा जास्त फरक असला, तर तशी नोंद करून बारीक लक्ष ठेवायचं.

मग पडदा. दोन बाळांमधला पडदा धरून प्रोब हळूहळू सरकवत तो वारेला जिथे मिळतो तिथपर्यंत जायचं. वारा दोन असतील तर पडद्याला चार पदर असतात, आणि वारेचा थोडा भाग त्या पदरांमध्ये पाचरीसारखा घुसलेला दिसतो. तळाशी रुंद, वर निमुळता. ग्रीक λ अक्षरासारखी, म्हणून हीच लॅम्डा खूण. वार एकच असेल तर पडदा दोन पदरांचा, धाग्यासारखा. तो वारेवर काटकोनात येऊन टेकतो, मध्ये पाचर नसते. ती टी खूण. हे वाचायला सोपं आहे, पण मशीनवर फसगत होते. मशीनचा ध्वनिकिरण पडद्याच्या समांतर गेला तर पडदा गायब होतो, म्हणून तो शक्यतो आडवा येईल अशा कोनातून पाहायचं. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, कमी ठेवला तरी पातळ पडदा दिसत नाही. पिशवी मागे कललेली असेल किंवा पोटावरून चित्र धूसर येत असेल, तर योनीमार्गातल्या प्रोबने पाहायला अजिबात संकोच करू नये. बाईला आधी नीट समजावलं की ती तयार होते.

नुसते वारेचे गोळे मोजून निकाल देऊ नये. दोन वारा शेजारी रुजून एकजीव झाल्या की एकच वाटतात. उलट एकाच वारेचा एखादा तुकडा बाजूला असला तर दोन भासतात. निकाल सांध्यावरून द्यायचा. त्या सांध्याचा फोटो मशीनमध्ये साठवायचाच, शिवाय छापून रिपोर्टला जोडायचा. विसाव्या आठवड्यानंतर लॅम्डाची पाचर विरू शकते. त्यामुळे तेव्हा लॅम्डा दिसली तर वारा दोन हे नक्की. नाही दिसली म्हणून वार एक असं मात्र म्हणता येत नाही. उशिरा आलेल्या बाईच्या बाबतीत शंका राहिलीच, तर वार एक आहे असं धरून चालायचं. जादा चार फेऱ्या परवडल्या, पण चुकून ‘दोन’ लिहून तिला महिनाभर मोकळं सोडणं परवडत नाही.

बाराव्या आठवड्यातच वार बघून ठेवण्याला आपल्या देशात आणखी एक कारण आहे. बाळं वेगळ्या लिंगाची असली की वारा दोन असणारच, असा उशिराच्या स्कॅनमधला आधार इतर देशांतले सोनोग्राफर घेतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्याने लिंग सांगणं, लिहिणं, खुणेने सुचवणंही गुन्हा आहे, आणि तो कायदा आम्हाला मनापासून मान्य आहे. त्यामुळे रिपोर्टमध्ये तो आधार येऊच शकत नाही. मग बाराव्या आठवड्यातला सांध्याचा फोटो हाच पुरावा. जुळ्यांच्या बायकांना ‘एक-एक आहे का?’ हा प्रश्न घरचे हमखास विचारायला लावतात. उत्तर मिळणार नाही, हे आम्ही त्या कायद्याखालचा फॉर्म एफ भरतानाच सांगून टाकतो. तो फॉर्म प्रत्येक स्कॅनला नव्याने भरायचा असतो. छापील मजकूर तिला वाचता येत नसेल तर मराठीत समजावून मगच सही घ्यायची.

बाळांना नावं द्यायची तीही याच दिवशी. ‘ए’ आणि ‘बी’ एवढं लिहून भागत नाही, कारण पुढच्या केंद्रात ज्याच्यावर आधी प्रोब पडेल ते ‘ए’ होतं, आणि वजनाचे आलेख एकमेकांत मिसळतात. म्हणून जागा लिहायची : ‘ए – आईच्या उजवीकडे, खाली, पिशवीच्या तोंडाजवळ, वार समोरच्या भिंतीवर, बी – डावीकडे, वर, वार मागच्या भिंतीवर’. नाळ वारेच्या मधोमध लागली आहे की कडेला, हेही टिपायचं. बाळं फिरतात, पण पडदा आणि वारेची जागा सहसा ओळख पटवून देतात.

वारा दोन असतील तर पुढचा मार्ग बराच सरळ. विसाव्या आठवड्याच्या सुमारास अवयवांची तपासणी, नंतर दर ४ आठवड्यांनी वाढ, पाणी आणि डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी. सगळं ठीक चाललं तर एकूण सहाएक स्कॅन होतात.

वार एक आणि पडदा आहे, अशा जुळ्यांत सोळाव्या आठवड्यापासून दर २ आठवड्यांनी स्कॅन करायचा, शेवटपर्यंत. एकाच वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या आतून एकमेकांना जोडलेल्या असतात. देवाणघेवाण समतोल असेपर्यंत काही बिघडत नाही. तोल गेला की एक बाळ देत राहतं आणि दुसरं घेत राहतं. देणाऱ्याचं रक्त कमी होतं, लघवी कमी होते, त्याच्या पिशवीतलं पाणी आटतं. घेणाऱ्याचं उलट : मूत्राशय तट्ट, पाणी उदंड, हृदयावर ताण. याला ट्विन टू ट्विन ट्रान्सफ्युजन, थोडक्यात टीटीटीएस म्हणतात. एक वार असलेल्या १०० जुळ्यांपैकी साधारण १० ते १५ मध्ये हे होतं. पंधरा दिवसांत चित्र पार पालटू शकतं, म्हणून अंतर पंधरा दिवसांचंच.

या स्कॅनचा आमचा क्रम ठरलेला आहे. आधी पडदा : तो ताणलेला आहे की एका बाजूला दुमडून लोंबतो आहे? दुमडणं ही तोल बिघडू लागल्याची लवकरची खूण असते. मग दोन्ही पिशव्यांतला पाण्याचा सगळ्यांत खोल कप्पा मोजायचा. कॅलिपर, म्हणजे मापाची रेघ, सरळ उभा, कप्प्यात नाळ किंवा हातपाय नको. नाळ आहे का हे रंगीत डॉपलर टाकून बघायचं, कारण काळं दिसणारं सगळं पाणी नसतं. माप पडदा ओलांडून गेलं तर दोन पिशव्यांचं पाणी एकात धरलं जातं. ही चूक घाईत फार होते. २ सेंटिमीटरपेक्षा कमी एकीकडे आणि त्याच वेळी ८ पेक्षा जास्त दुसरीकडे, अशी जोडी जमली तरच टीटीटीएस. विसाव्या आठवड्यानंतर काही ठिकाणी ८ ऐवजी १० ची मर्यादा धरतात. एकच बाजू बिघडली असेल तर आठवड्याने परत बोलवायचं.

त्यानंतर दोन्ही मूत्राशयं. देणाऱ्याचं दिसलं नाही तर लगेच ‘दिसत नाही’ लिहू नये. गर्भातलं बाळ साधारण अर्ध्या तासाने मूत्राशय रिकामं करतं. बाईला उठवून बसवायचं, थोडं चालू द्यायचं, अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचं. तेव्हाही नसेल तर क्विंटेरो या डॉक्टरांच्या टीटीटीएसच्या १९९९च्या वर्गवारीत ती दुसरी पायरी झाली. पहिली पायरी फक्त पाण्याचा फरक. तिसरीत डॉपलर बिघडतो, चौथीत बाळाच्या अंगात पाणी साठतं, पाचवीत एक बाळ दगावलेलं असतं. या पायऱ्या क्रमाने चढतातच असं नाही. पहिलीवरून थेट तिसरीवर गेलेली बाळंही असतात.

आणि एक देखावा ज्याने त्याने नीट ओळखायला शिकलंच पाहिजे. पाणी पार आटलेलं बाळ पिशवीच्या समोरच्या भिंतीला चिकटून राहतं, आणि पडदा त्याच्या अंगाला पातळ प्लास्टिकसारखा लपेटलेला असतो. पडदा दिसत नाही, दुसरीकडे भरपूर पाणी आणि त्यात दुसरं बाळ मजेत हलताना दिसतं. घाईत बघणारा लिहून टाकतो : ‘पडदा नाही, एकाच पाणमोटेत दोघं, पाणी भरपूर’. खरं तर हा टीटीटीएस असतो. ओळखायचं कसं? आईला कुशीवर वळवायचं. मोकळं बाळ खालच्या बाजूला सरकतं. अडकलेलं बाळ वजनाला न जुमानता वरच टांगलेलं राहतं. मग त्याच्या हाताच्या किंवा पायाच्या कडेने गेन वाढवून पाहिलं की अंगाशी घट्ट बसलेल्या पडद्याची बारीक रेघ सापडते.

टीटीटीएसवर गर्भाशयात दुर्बीण घालून वारेवरच्या जोडवाहिन्या लेसरने बंद करतात. हे साधारण १६ ते २६ आठवड्यांमध्ये होतं, आणि मोजक्या मोठ्या शहरांतच. बेळगावहून मुंबई काय नि बेंगळुरू काय, दोन्ही ५०० किलोमीटरच्या घरात. त्यामुळे निदान झाल्यावर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणायला जागा नाही. फोन त्याच दिवशी करायचा, चित्रं त्याच दिवशी पाठवायची. घरच्यांनाही आधीपासून सांगून ठेवावं : चार-पाच दिवसांत पोट एकदम वाढलं, कडक लागायला लागलं, निजता येईना, श्वास लागायला लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. ‘जुळं हाय म्हणून पोट मोठं’ असं समजून बायका अंगावर काढतात. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबरमध्ये पावसाने येणंजाणं अवघड होतं, तेव्हा त्या भागातल्या बाईने या महिन्यांपुरतं बेळगावात नात्यातल्या कुणाकडे राहणं बरं, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

वजनाचा हिशोब दोन्ही प्रकारच्या जुळ्यांत लागतो. मोठ्या बाळाच्या वजनातून लहानाचं वजा करा, मोठ्याच्या वजनाने भागा, शंभराने गुणा. १४२० आणि १०५० ग्रॅम असतील तर फरक ३७० ग्रॅम, म्हणजे २६ टक्के. लहान बाळ दहाव्या पर्सेंटाइलखाली, म्हणजे तेवढ्याच दिवसांच्या शंभरातल्या सगळ्यांत लहान दहांत, आणि फरक २५ टक्के किंवा जास्त असला तर निवडक, म्हणजे एकाच बाळाची, वाढखुंटी धरतात. मशीन देतं ते वजन अंदाजच असतो, १०-१५ टक्के इकडेतिकडे. जुळ्यांत बाळं एकमेकांवर दाटलेली असल्याने पोटाचा घेर गोल न येता चपटा येतो, आणि वजन तिथेच चुकतं. मांडीचं हाड एकाचं नि पोट दुसऱ्याचं असंही होतं. म्हणून आम्ही एका बाळाची सगळी मापं संपवूनच दुसऱ्याकडे वळतो. वाढ पंधरा दिवसांच्या आत पुन्हा मोजण्यात अर्थ नाही.

लहान बाळाच्या नाळेचा डॉपलर घेताना नाळ त्याचीच आहे याची खात्री पोटापासून नाळ धरून करायची. मोकळ्या पाण्यात सापडलेला वेटोळा कुणाचा ते सांगता येत नाही. एक वार असेल तर डॉपलर जास्त वेळ धरून ठेवायचा. काही बाळांत प्रवाह काही ठोक्यांना नीट, काही ठोक्यांना शून्य किंवा उलटा, असा आलटूनपालटून येतो. तीन सेकंदांत चित्र गोठवलं तर तो सुटतो. स्वीप, म्हणजे आलेख सरकण्याचा वेग, हळू करा, म्हणजे लाट दिसते.

मेंदूतल्या मधल्या धमनीचा वेग मोजायचा तो रक्तक्षयासाठी. जोडवाहिन्या अगदी बारीक असल्या तर पाण्यात फरक न पडता एक बाळ फिकट आणि दुसरं रक्ताने दाट होत जातं. याला टॅप्स म्हणतात, आणि लेसरनंतरही ते होऊ शकतं. एकाचा वेग त्या आठवड्याच्या मध्यकाच्या (मीडियनच्या) १.५ पट किंवा जास्त आणि दुसऱ्याचा १ पटीपेक्षा कमी, अशी जोडी संशयाची. किरण आणि धमनी यांतला कोन शून्याजवळ हवा, धमनी उगमाशी पकडायची, प्रोबने डोकं दाबायचं नाही. पहिल्या तिमाहीत मात्र डॉपलर विनाकारण वापरू नये. ठोके एम-मोडवर, म्हणजे हालचालीचा आलेख काढणाऱ्या पद्धतीने, मोजता येतात.

हा सगळा स्कॅन पाऊण ते एक तास चालतो. दोन बाळांचं ओझं घेऊन बाई तेवढा वेळ उताणी निजली की मोठी शीर दाबली जाते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. उजव्या कुशीखाली उशी सरकवून तिला डावीकडे कलवायचं. उपाशी यायची गरज नाही, लघवी तुंबवून यायचीही नाही. ‘स्कॅनिंग म्हणजे उपाशी’ हा गैरसमज आमच्याकडे अजून पक्का आहे.

पिशवीच्या तोंडाची लांबी विसाव्या आठवड्याच्या सुमारास योनीमार्गातून, मूत्राशय रिकामं करून, दोन-तीन वेळा मोजून सगळ्यांत कमी नीट आलेलं माप घ्यायचं. जुळ्यांत २५ मिलिमीटरच्या खाली गेलं तर लवकर प्रसूतीची भीती जास्त. पोटावरून घेतलेलं हे माप बऱ्याचदा खोटा दिलासा देतं.

तिळं असेल तर नियम तेच, वेळ दीडपट. तिन्ही पडदे एकत्र येतात तो सांधा शोधायचा आणि कोणत्या दोघांची वार एक आहे ते लिहायचं. पडदाच नसलेली जुळी दुर्मीळ. त्यांत नाळा एकमेकींत गुंततात, म्हणून सिझेरियन ३२ ते ३४ आठवड्यांतच करतात.

एक वार असताना एक बाळ पोटातच दगावलं, तर दुसऱ्याचं रक्त काही वेळातच त्या दगावलेल्या बाळाकडे ओढलं जातं. घडायचं नुकसान निदानाच्या आधीच झालेलं असतं, त्यामुळे घाईने कमी दिवसांचं सिझेरियन केल्याने ते भरून येत नाही. उरलेल्याच्या मेंदूतल्या धमनीचा वेग पाहायचा, आणि ४ ते ६ आठवड्यांनी मेंदूचा एमआरआय. दोन वारा असतील तर दुसऱ्याचा धोका पुष्कळच कमी. अशा घरात पहिला प्रश्न दुसऱ्या बाळाचाच येतो, आणि त्याचं उत्तरही बाराव्या आठवड्यातल्या त्या ओळीवरूनच द्यावं लागतं.

गुंतागुंत नसेल तर बाळंतपण : वारा दोन, तर ३७वा आठवडा पुरा झाल्यावर; वार एक, तर ३६वा. शेवटच्या स्कॅनमध्ये खालचं बाळ डोक्याने आहे की पायाळू हे लिहायचं. माहेरी जाणाऱ्या बाईच्या पिशवीत सगळे रिपोर्ट एकाच प्लास्टिक फायलीत, सगळ्यांत वर बाराव्या आठवड्याचा कागद आणि सांध्याचा फोटो. कार्डावर लाल शाईने एक ओळ : ‘जुळं, वार एक, पडदा आहे, दर १५ दिवसांनी स्कॅन’. इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही लिहावी, म्हणजे तिकडच्या आशाताईंनाही वाचता येते.

बाळंतपणानंतर ओळखीसाठी पहिल्या बाळाच्या नाळेला एक क्लॅम्प (चिमटा), दुसऱ्याच्या नाळेला दोन. वार टाकून देण्याआधी मधला पडदा बोटांनी सोडवून उजेडाला धरायचा. पातळ, आरपार, दोनच पदर निघाले तर वार एक. जाडसर, धुरकट, मध्ये आणखी पदर सुटत असतील तर दोन. ते बाराव्या आठवड्याच्या रिपोर्टशी ताडून स्कॅनिंग करणाऱ्याला फोनवर कळवावं.